अबोल्यात बसवलेलं इंजिन

"जगात आजवर जी जी मोठी कामं झाली, ती प्रेमाने नाही, रागाने झाली. किल्ले रागाने बांधले गेले. पूल रागाने बांधले गेले. शब्दकोश तर दुसऱ्या कुणाच्या शब्दकोशावरच्या रागानेच लिहिले गेले. प्रेमाने माणूस फार तर स्वेटर विणतो."

दादांनी हे जाहीर केलं तेव्हा ते गाडीखाली पाठीवर पडले होते आणि एक नट सकाळपासून त्यांना दाद देत नव्हता. श्रोत्यांत एक गाडी, एक जॅक आणि एक मळकं फडकं. दादांनी राग एकवटला, पान्याला अखेरचा हिसका दिला, आणि नट तुटून थेट त्यांच्या कपाळावर पडला. आपण तो इतका वेळ उलट्या बाजूला पिळत होतो, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं. कुणी पाहिलं नव्हतं, तेवढंच समाधान.

दादा निवृत्त ग्रंथपाल. लोकांनी भलत्याच कप्प्यात खोचलेली पुस्तकं पुन्हा जागेवर लावण्यात त्यांची उभी हयात गेली होती. 'जिथली वस्तू तिथे' हा त्यांचा मंत्र, आणि तो त्यांनी घरीही चालू ठेवला होता. घरातली कात्री डोळे मिटून सापडायची, कारण ती वीतभर सरकली तरी घरात चौकशी आयोग बसायचा.

त्यांचा धाकटा भाऊ बाळ. पन्नाशी उलटली, डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र उगवला, तरी नाव बाळच. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. लग्न केलं नाही. राहायला वरच्या मजल्यावर, जेवायला खाली, दादांच्या बायकोच्या हातचं. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

गाडी दोघा भावांची, सामाईक. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं त्या गाडीचं झालं. गाडी पुसायला दोघंही पुढे असत, कारण पुसलेलं दिसतं. तेल आत असतं. धाकटा म्हणून बाळ बघत असेल असं दादा धरून चालले. मोठा म्हणून दादा बघत असेल असं बाळ धरून चालला. दोघांचा एकमेकांवर असा गाढ विश्वास असताना इंजिन तहानेने वाळत गेलं, आणि एका संध्याकाळी गाडी घरी आणताना बाळच्या पुढ्यात लाल दिवा पेटला. त्या दिव्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र असतं. दिसायला हुबेहूब किटली. पुलापलीकडे घर दिसत होतं, म्हणून बाळने गाडी दामटली. डब्यात खडे वाजावेत तसं वाजत इंजिन फाटकापर्यंत आलं आणि तिथे जे आखडलं ते कायमचं.

मग फाटकातच जुंपली.

"दिवा पेटला होता?"

"पेटला होता."

"लाल?"

"लाल."

"आणि तू काय केलंस?"

"घरी आलो. घर जवळच होतं."

"किटली पेटली तेव्हा तुला वाटलं काय, चहाची वेळ झाली? अख्ख्या गावाला चष्मे लावतोस आणि नाकासमोरचा दिवा दिसत नाही?"

बाळही काही मेणाचा नव्हता. "दिवा एक दिवस पेटला, दादा. तेल वर्षभर कमी होत होतं. ते कोणी बघायचं?"

"तू. धाकटा कोण?"

"तू. मोठा कोण?"

हे 'कोण' बराच वेळ फाटकाच्या आत-बाहेर उडत राहिलं. शेवटी दादांनी प्रतिज्ञा केली, की बाळ 'चुकलं' म्हणत नाही तोवर त्याच्याशी एक अक्षर बोलणार नाही. बाळनेही प्रतिज्ञा केली. इंजिन माझ्या हातून मेलं म्हणतोस ना, मग माझ्याच हाताने नवं बसवून देतो. ते सुरू झालं की वरची खोली रिकामी करतो. दुकानामागे राहायला जागा आहे. तू मोकळा, मी मोकळा.

त्या दिवसापासून दादांना एकच ध्यास लागला. इंजिन सुरू व्हायच्या आत तो एक शब्द बाळच्या तोंडून काढायचा. तो न मिळता बाळ जिना उतरला, तर अबोलाही त्याच्या ट्रंकेत बांधला जाईल आणि कुलूप लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे ठाऊक असल्याने त्यांना स्वतःचा राग यायचा, आणि स्वतःचा राग ठेवायला जागा नसल्याने तोही ते बाळच्याच खात्यावर मांडायचे.

गॅरेजवाल्याने गाडी भंगारात घाला म्हणून सांगितलं, वर हसला. त्याच्या हसण्यानेच ठरलं: इंजिन घरीच बसवायचं. त्याच्याकडून दादांनी फक्त इंजिन उचलायची, साखळीची चेनपुली उसनी आणली, तीही त्याच्याकडे न बघता.

नवं इंजिन खोक्यातून आलं. नवं म्हणजे अगदी नवं नव्हे. जुनंच, पण कारखान्यात पार उघडून, घासून, झिजलेलं सगळं फेकून, पिस्टन-बेअरिंगं नवी घालून पुन्हा जुळवलेलं. दादांनी त्याला हात लावून पाहिला. माणसांसाठी असा कारखाना असता तर आपण घरातून कोणाला पाठवलं असतं, हे त्यांना लगेच सुचलं. तेलाच्या झाकणाला तारेने एक लाल पाटी बांधलेली होती: आत तेल नाही, तेल घातल्याशिवाय चालू करू नये. पाटी बघून दादांच्या तोंडून "हं" एवढंच निघालं, पण ते असं निघालं की वर जिन्यात उभ्या असलेल्या बाळच्या चष्म्यावर वाफ धरावी.

कामाच्या पाळ्या ठरल्या. सकाळी दादा, दुकान मिटल्यावर बाळ. मध्ये वहिनी. कुठला बोल्ट काढला, कुठली नळी कुठे ठेवली, हे सगळं वहिनींमार्फत वरखाली जायचं. वहिनींनी सुरुवातीला हे मनापासून केलं. निरोप त्या शब्दशः पोचवायच्या, वर सुरासकट. दादांनी सांगून पाठवलं, की रेडिएटरच्या नळीला काच पुसायचं फडकं गुंडाळणारा माणूस मी प्रथमच पाहिला. बाळने उलट पाठवलं, की काढलेल्या स्क्रूंना वर्णानुक्रमे लावणारा माणूस मीही प्रथमच पाहतोय. हे खरं होतं. दादांनी स्क्रू डब्यांत घालून डबे फळीवर ओळीने लावले होते, आणि बाळने एक डबा उचलून भलतीकडे ठेवला म्हणून दोन वेळचं जेवण वहिनींना दोघांच्याही फुगलेल्या गालांकडे बघत वाढावं लागलं होतं.

तरी गाडं पुढे सरकत होतं. मेलेलं इंजिन वर निघालं, रिकाम्या खोक्यात गेलं. आता नवं आत सोडायचं. हे एकट्याचं काम नव्हे. एकाने साखळी ओढायची, दुसऱ्याने इंजिन हाताने वळवत गिअरबॉक्सच्या तोंडाशी आणायचं. साखळीला दादा. इंजिनाला बाळ. दोघांत हातभर अंतर, आणि त्या हातभर अंतरात वहिनी.

"वहिनी, त्यांना म्हणावं जरा खाली."

"अहो, जरा खाली म्हणतोय."

"त्याला विचार, जरा म्हणजे किती."

"किती रे?"

"बोटभर."

"बोटभर, अहो."

"कोणतं बोट, विचार त्याला. अंगठा की करंगळी."

निरोप असा फिरत असताना लोखंड मात्र कोणासाठी थांबत नव्हतं. इंजिन एका कडेला झुकलं. बाळ ओरडला, "वहिनी, थांबा म्हणा." वहिनींनी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत साखळीचा एक खटका सरकला होता आणि बाळचा अंगठा इंजिन आणि चॅसिस यांच्या मध्ये चेंगरला होता. फार नाही, नख काळं पडण्याइतकाच. पण दादांनी घाईघाईने साखळी उलटी ओढली, आणि आपण घाबरलो हे लपवायला ते जोरात खेकसले, "अगं, त्याला सांग, बोटं जिथल्या तिथे ठेवावीत."

वहिनींनी हातातलं फडकं खाली टाकलं. टाकलं म्हणजे आपटलंच.

"हे बघा," त्या म्हणाल्या, दोघांकडेही न बघता, टांगलेल्या लोखंडाकडे बघत. "याची बोटं तुटली असती आणि मी तुम्हाला 'अहो, बोटं तुटली' म्हणून सांगत बसले असते. तुमची लाज वाटते मला, दोघांची. मी काय टेलिफोनची तार आहे? आजपासून टपाल बंद. ज्याला जे सांगायचं ते स्वतःच्या थोबाडाने सांगावं."

थोबाड हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच वापरला गेला होता. उरलेलं काम मग दोघांनी मुकाट्याने केलं, नुसत्या मानेने आणि भुवयांनी, आणि गंमत म्हणजे इंजिन पहिल्या झटक्यात जागेवर बसलं. दादांना या गोष्टीचाही राग आला.

बोल्ट आवळले गेले, नळ्या जोडल्या गेल्या, जुन्या इंजिनावरचं जे जे नव्यावर चढवायचं ते चढवलं. उरलं तेल. शनिवारी सकाळी दादा तेलाचा डबा घेऊन घरच्या गॅरेजात उतरले. झाकणाची तार उलगडून लाल पाटी काढली आणि खिशात ठेवली. नरसाळं लावलं. बारीक धारेने, थेंब न सांडता, सगळा डबा रिकामा केला. हे तेल घालताना मनात ते बाळला ऐकवत होते, की तेल असं घालतात, दिवा पेटायच्या आधी घालतात. मग तेल मोजायची कांडी ओढून पाहिली. बरोबर खुणेवर. झाकण लावलं. ओघळ पुसला. रिकामा डबा धुऊन मागच्या खोपटात, जिथे रिकामे डबे ठेवतात तिथे ठेवला. नरसाळं खिळ्यावर. आणि शेवटी खिशातून लाल पाटी काढली, होती तशी झाकणाला अडकवली आणि तारेला होते तितकेच पीळ दिले. जिथली वस्तू तिथे.

हात धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "तेल घातलंय म्हणून सांग त्याला."

वहिनी कपड्याला बटण लावत होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला. "जिना समोर आहे."

दादा जिन्याशी गेले. एक पाय पायरीवर ठेवला. वर बाळच्या खोलीत ट्रंक सरकवल्याचा आवाज येत होता. वर जाऊन 'तेल घातलंय' एवढंच म्हणायचं होतं. पण पहिला शब्द आपण बोललो, तर आपणच बोललो, असं होणार. इतके दिवस जपलेला राग दोन शब्दांत उधळायचा, तोही तेलापायी? दादांनी पाय खाली घेतला. तेल घातलंय हे काय सांगायचं, ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल, असं म्हणून ते वर्तमानपत्र घेऊन बसले आणि तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

संध्याकाळी गॅरेजात बॉनेट उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने मिटल्याचा आला. आता काय उरलंय त्याचं तिथे, असं दादा चडफडले. विचारायला मात्र गेले नाहीत.

रविवारी सकाळी जिन्याच्या पायथ्याशी बाळची ट्रंक आणि वळकटी येऊन बसली. चेनपुली परत न्यायला गॅरेजवाला आला होता. इंजिन सुरू व्हायचं नाही याची त्याला इतकी खात्री होती, की तो बघायला मुद्दाम थांबला. वहिनी दारात हाताची घडी घालून. दादा अंगणात ढकलून आणलेल्या गाडीसमोर. बाळ आत बसला, दार ओढून घेतलं, आणि क्षणभर काचेतून त्याने दादांकडे पाहिलं. आता म्हणेल, दादांना वाटलं. आत्ता नाही तर कधीच नाही. बाळने किल्ली फिरवली.

इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. काय लागलं म्हणता. शिवणयंत्रासारखं गुळगुळीत. गॅरेजवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं तेव्हा दादांचे ओठ आपोआप फाकायला लागले होते, ते त्यांनी वेळीच आवरले. सुरू झालं म्हणजे बाळ निघणार. शब्द काही मिळाला नाही.

आणि तेव्हा मागच्या नळीतून धूर निघाला.

आधी शेपटीएवढा. मग गाठोड्याएवढा. मग गाडी दिसेना, फाटक दिसेना, समोरच्या घराच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादर दिसेना. निळसर पांढरा, जळक्या तेलाचा, डोळ्यांत झोंबणारा. पलीकडून कोणीतरी खोकत विचारलं, की डास मारताय की आम्हाला. धुरातून बाळचा आवाज आला, "वहिनी, किटली पेटलेली नाही. सांगा त्यांना, किटली विझलेली आहे." पण इंजिन त्याने तत्क्षणी बंद केलं. या वेळी घर जवळ असूनही.

धूर विरेपर्यंत दादांनी बॉनेट उघडलं होतं. त्यांनी कांडी ओढली. काल खुणेवर असलेलं तेल आज कांडीच्या कड्यापर्यंत चढलं होतं. दादांनी ती पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेल काही खाली उतरलं नाही. बाळ शेजारी येऊन उभा राहिला आणि इंजिनाकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही असं, म्हणाला, "तेल घातलं होतं मी. काल. दुकानातून येताना आणलेला अख्खा डबा. पाटी होती ना. लाल काही दिसलं की आता मी थांबतो."

लाल पाटी झाकणावर लटकत होती. तारेचे पीळ जिथल्या तिथे.

दादांच्या कानशिलांवर शीर उडू लागली. "एखाद्याला," ते रेडिएटरला म्हणाले, "कांडी ओढून बघायची अक्कल नसते."

"एखाद्याने," बाळ बॅटरीला म्हणाला, "तेल घालून वर 'तेल नाही'ची पाटी परत लावली नसती, तर कांडी ओढायची वेळच आली नसती."

"एखाद्याने गेल्या वेळी लाल दिवा बघितला असता, तर ही पाटीही नसती आणि हे नवं इंजिनही नसतं."

"एखाद्याने दोन शब्द सांगितले असते. जिना काही हिमालय नाही."

हा घाव नेमका बसला. दादांनी आधीच पुसलेली कांडी पुन्हा पुसली. ते रागाने लाल झाले होते, आणि तो राग आता नेमका कोणाकडे धाडायचा हे त्यांना कळेना.

"छान," वहिनी दारातून म्हणाल्या. "पहिल्या वेळी दोघांनीही घातलं नाही, ते तहानेने मेलं. या वेळी दोघांनीही घातलं, हे बुडवायला काढलंत. तिसरं आणाल तेव्हा मला सांगू नका. मी माहेरी असेन."

गॅरेजवाला भिंतीला टेकून हसत होता, पोट धरून, डोळे पुसत. लगेच बंद केलंत म्हणून वाचलं, जास्तीचं तेल काढून टाका, असं तो हसता हसता म्हणाला. चेनपुली खांद्यावर टाकून तो फाटकाबाहेर पडला, तरी त्याचं हसू बराच वेळ गल्लीत ऐकू येत राहिलं. दादांनी त्याला मनातल्या मनात जे म्हटलं, ते कुठल्याही शब्दकोशात सापडत नाही.

बाळने बाह्या सरसावल्या. जिन्याशी ट्रंक होती, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. गॅरेजातून घमेलं ओढून आणलं, गाडी जॅकवर घेतली, ठोकळे लावले आणि पाना घेऊन खाली शिरला. बाहेर त्याचे नुसते पाय उरले. एका पायात मोजा उलटा होता. काळं नख पडलेला अंगठा पान्यावर कसा दाबत असेल, हे दादांना न दिसताही दिसलं.

तळाचा बोल्ट सुटला. तेलाची धार घमेल्यात पडू लागली, जाड, संथ, सोनेरी. दादा त्या पायांजवळ उभे होते. हातात लाल पाटी होती. झाकणावरून ती त्यांनी कधी ओढून काढली, त्यांनाच कळलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी वस्तू कुठे ठेवायची ते कळत नव्हतं. बाळकडून घ्यायचा म्हणून इतके दिवस ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आता त्यांच्याच जिभेवर येऊन बसला होता, आणि नुसता तो शब्द टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्याला प्रस्तावना हवी होती. दादांनी घसा खाकरला. दारात वहिनींनी हाताची घडी सोडली.

"बाळ," दादा म्हणाले. गाडीखालचे पाय एकदम स्थिर झाले. "माणसाच्या आयुष्यात अशी एक वेळ येते, की जेव्हा मोठ्याने मोठेपणा बाजूला ठेवून, सगळ्या गोष्टींचा साकल्याने विचार करता—"

"दादा," गाडीखालून आवाज आला, "ते दुसरं घमेलं दे आधी. हे भरलं."